हौसेचें सोवळें

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पणजोबांच्या वेळच्या गोष्टी अजून निघतात, त्यांनीं विलायती धोतरजोड्यांविषयीं ऐकलें असेलच. पण हीं धोतरें विलायतेंत कोठें विणलीं जात, हें विचारण्याची कोणाला फुरसत? त्यांतला मोठा भाग लँकेशायरमधील ब्लॅकबर्न ह्या गांवीं तयार होई. हिंदुस्थानाच्या कमरेला लागणाऱ्या कापडावर त्या गांवच्या चुली पेटत. विणणाऱ्यानें जन्मांत धोतर नेसलेला माणूस पाहिलेला नसे, आणि नेसणाऱ्याला ब्लॅकबर्न हें गांवाचें नांव कीं शिक्क्याचें, हें ठाऊक नसे. त्या धोतरांनीं आमच्या साळ्या-कोष्ट्यांचे माग बंद पाडले, ही गोष्ट आम्ही विसरलों नाहीं. तरीसुद्धां त्याच गांवच्या मागावरील पोरांची हकीकत आज आम्ही कौतुकानें सांगणार आहों. माग बंद पाडण्यांतला नफा त्या पोरांच्या खिशांत गेला नव्हता.

हकीकत फुटबॉलची आहे. ती आतांच सांगण्याचें कारण असें कीं, खेळाडूंचा लिलाव झाला, अमक्याला इतके कोटी मिळाले, अशी बातमी आली म्हणजे आमच्यांतले कांहीं सोज्ज्वळ गृहस्थ उसासा टाकतात. पूर्वीं लोक खेळासाठीं खेळत, आतां पैशासाठीं खेळतात, हा तो उसासा. आम्ही तो पुष्कळ वर्षें ऐकत आलों आहों, व तो बहुधा पोट भरलेल्या माणसाच्याच तोंडून निघतो, असा आमचा अनुभव आहे. पूर्वींचे ते लोक कोण? ते मैदानावर असतां त्यांचें शेत कोण नांगरीत होतें, आणि त्यांच्या घरची चूल कशावर चालत होती? हे दोन प्रश्न विचारले कीं त्या निर्मळ हौसेचा रंग जरा उडूं लागतो. घरचें खाऊन लष्कराच्या भाकरी भाजाव्या, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ज्याच्या घरीं खावयासच नाहीं, त्यानें कोणाच्या भाकरी भाजाव्या?

१८७८ सालच्या फेब्रुवारींत ब्लॅकबर्न येथें ब्लॅक स्टार व जेम्स स्ट्रीट अशीं दोन लहान मंडळें एकत्र होऊन एक क्लब निघाला. त्याचें नांव ठेवलें ऑलिंपिक. आज ज्या ऑलिंपिक सामन्यांचा जगभर डंका वाजतो, ते सुरू झाले १८९६ त. म्हणजे नांव घेण्यांत ह्या गिरणगांवच्या पोरांनीं जगावर अठरा वर्षांची आघाडी मारली होती. पण साल मोठें वाईट निवडलें होतें. त्याच एप्रिलांत गिरणीमालकांनीं मजुरींत शेंकडा दहा कपात लावली. व्यापार बसला होता, आणि त्याच्या अनेक कारणांपैकीं एक कारण आमच्याकडचा १८७६ ते १८७८ चा दुष्काळ हें होतें. दख्खनचा कुणबी अन्नाला मोताद झाला, तो नवें धोतर कशाचें घेणार? इकडे पाऊस पडला नाहीं आणि तिकडे विणकराची मजुरी कापली गेली. विणकर संपावर गेले. मे महिन्यांत मालकांचा पुढारी कर्नल जॅक्सन ह्याचा बंगला जमावानें जाळला. पलटणी आल्या. शेवटीं भुकेनें संप मोडला, आणि कपात होती तशी राहिली.

अशा सालीं क्लब काढणाऱ्यांना कोणी उधळे म्हणेल. आम्ही तसें म्हणणार नाहीं. त्यांतल्या बहुतेकांनीं त्याहून वाईट दिवस पाळण्यांतच पाहिले होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवींत कापूस येईनासा झाला, तेव्हां लँकेशायर उपाशी पडलें. त्याच चार वर्षांत मुंबईचे कापूसवाले सोन्यांत लोळत होते. पोटाला चिमटा घेऊनच खेळावयाचें असतें, हें त्या पोरांना कोणी शिकविण्याची जरूर नव्हती.

मात्र त्यांच्यापाशीं एक गोष्ट होती, जी त्या वेळीं आमच्या परळ-गिरगांवच्या गिरणीकामगारापाशीं नव्हती. ती म्हणजे शनिवारची दुपार. १८५० च्या कारखाना कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी मुलें ह्यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबविण्यांत आलें. बाया व मुलें उठलीं म्हणजे गिरणीच थांबे, म्हणून पुरुषही सुटत. ही दुपार कोणा दयाळू मालकानें बक्षीस दिलेली नव्हती. ती मिळविण्यासाठीं एक पिढी खपली होती. लँकेशायरचा सगळा फुटबॉल ह्या एका दुपारींतून उगवला आहे. भोंगा झाला, कीं अंगावरचा कापूस झटकून पोरें जीं निघत तीं सरळ मैदानावर. ऑलिंपिकचें मैदान 'होल इन द वॉल', म्हणजे भिंतींतलें भोंक, ह्या नांवाच्या गुत्त्याशेजारीं होतें. ह्या नांवावर थट्टा करण्याचा मोह आम्ही आंवरतों.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. फुटबॉलचे नियम लंडनांत बसून ठरत. तेथें १८६३ त फुटबॉल असोसिएशन निघाली, आणि १८७१-७२ पासून तिचा कप सुरू झाला. ही मंडळी ईटन, हॅरो, चार्टरहाऊस अशा सरदारी शाळांत शिकलेली. शाळा सुटली तरी खेळ सुटूं नये म्हणून त्यांनीं माजी विद्यार्थ्यांचे संघ काढले होते. असोसिएशनचे अध्यक्ष मेजर मॅरिंडिन ईटनचे, खजिनदार आर्थर किनेर्ड हेही ईटनचे. तेच नियम करीत, तेच खेळत आणि बहुधा तेच जिंकत. ह्या मंडळींनीं खेळांत एक शब्द पूज्य करून ठेवला होता: अमॅच्युअर, म्हणजे हौशी. जो पैशासाठीं खेळत नाहीं तो हौशी, हा त्याचा वरवरचा अर्थ झाला. आंतला अर्थ पाहावयाचा असेल तर ह्याच वर्गाचे इतर खेळांतले नियम पाहावे. १८६६ त निघालेल्या अमॅच्युअर अॅथलेटिक क्लबानें शर्यतींत कोणास घ्यावें हें ठरवितांना कारागीर, यंत्रावर काम करणारा व मजूर ह्यांना वगळलें. नावांच्या शर्यतींसाठीं प्रसिद्ध असलेल्या हेन्लेच्या मंडळींनीं १८७९ त तसेंच कलम केलें, व तें १९३७ पर्यंत चालविलें.

वाचकांनीं हें नीट पाहावें. पैसे घेऊन शर्यत मारणाऱ्याला बाहेर ठेवलें, असा हा प्रकार नाहीं. ज्या माणसानें खेळांत एक पैसाही घेतलेला नाहीं, पण जो पोटासाठीं हातानें काम करतो, तो हौशी होऊं शकत नाहीं, असें हें शास्त्र. सुताराचा हात, लोहाराचा हात, विणकराचा हात लागला कीं हौस विटाळली! असलें सोवळें आमच्या परिचयाचें आहे. तें आमच्याच देशांत पिकतें असा आमचा समज होता. साहेबानेंही हें पीक घेतलें होतें, व तें त्याच्या हवेंत चांगलें वाढलें होतें.

फुटबॉलमध्यें हें कलम इतक्या उघड शब्दांत नव्हतें, हें आम्ही मान्य करतों. तेथें काम निराळ्या रीतीनें होई. ब्लॅकबर्नपासून थोड्याच मैलांवर डार्वेन नांवाचें गिरणगांव आहे. गांधीजी १९३१ त लँकेशायरच्या कामगारांना भेटावयास गेले, ते ह्याच डार्वेनला उतरले होते. तेथला संघ १८७९ त कपाच्या सामन्यांत वरपर्यंत पोंचला व त्याची गांठ ओल्ड ईटोनियन्सशीं पडली. नियम असा, कीं त्या फेरीपासून सामने लंडनांतच व्हावयाचे. ईटनवाल्यांना मैदान दारांत. डार्वेनच्या मजुरांना आगगाडीचा सबंध प्रवास, आणि बुडालेला रोज निराळाच. सामना संपण्यास सुमारें पाव तास उरला असतां डार्वेनवर पांच विरुद्ध एक असे गोल चढले होते. तेवढ्या वेळांत त्यांनीं चार गोल करून पांच-पांच बरोबरी केली. त्यांनीं म्हटलें, जादा वेळ खेळूं व आजच निकाल लावूं. ईटनवाल्यांनीं नकार दिला. नियमांत बसत होतें, म्हणून नकार! मग गांवानें वर्गणी केली, पोरें पुन्हां लंडनला गेलीं, व पुन्हां दोन-दोन बरोबरी झाली. तिसऱ्या खेपेस मात्र तीं सहा-दोन अशीं हरलीं. तीन वेळां रोज बुडवून, तीन वेळां गाडीचें भाडें भरून हरलेल्या ह्या संघाला हौस शिकविण्याचा अधिकार कोणाला होता?

डार्वेनच्या संघांत फर्गस सुटर नांवाचा ग्लासगोकडचा एक पाथरवट होता. तो तेथें आल्यावर पाथरवटाचें काम त्यानें लवकरच सोडलें. इंग्लंडचा दगड फार कठीण लागतो, असें कारण त्यानें सांगितल्याचें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. दगड कठीण होता कीं फुटबॉल मऊ होता, हें वाचकांनींच ठरवावें. पुढें तो ब्लॅकबर्न रोव्हर्समध्यें गेला. उत्तरेंतले क्लब चांगल्या खेळाडूंच्या हातांत गुपचूप कांहीं ठेवीत, हें उघड गुपित होतें. १८८२ त असोसिएशननें नियम केला, कीं खरा खर्च व सामन्यापायीं खरोखर बुडालेली मजुरी ह्यांहून अधिक कांहीं घेणारा खेळाडू बाद. बुडालेली मजुरी तरी मान्य केली हें त्यांच्या पदरीं टाकलें पाहिजे. रग्बीवाल्यांनीं तेवढेंही केलें नाहीं. त्यापायीं १८९५ त उत्तरेकडील बावीस क्लब हडर्सफील्ड येथें जमून फुटून निघाले, आणि मूळच्या रग्बीनें आपलें सोवळें थेट १९९५ पर्यंत, म्हणजे पुरीं शंभर वर्षें, सांभाळलें.

असो. ऑलिंपिककडे येऊं. पहिल्या वर्षांत तो एक सामान्य गल्लींतला क्लब होता. कपाच्या सामन्यांत तो प्रथम १८८०-८१ त उतरला व पहिल्याच फेरींत शेफील्डकडून पांच-चार असा हरला. दुसऱ्या वर्षीं डार्वेननें बाहेर काढला. गांवांत ज्याचें नांव होतें तो क्लब म्हणजे रोव्हर्स. तो १८७५ त निघाला होता, त्यांत शिकलेल्या व बऱ्या घरच्या मुलांचा भरणा होता, आणि १८८२ त तो कपाच्या अखेरच्या सामन्यापर्यंत जाऊन ओल्ड ईटोनियन्सकडून एका गोलानें हरला होता. ऑलिंपिकची गणती त्याच्यापुढें धाकट्या भावासारखी.

ह्या धाकट्या भावाला दोन माणसें भेटलीं. एक सिडने येट्स, लोखंडाच्या ओतशाळेचा मालक. त्यानें पैसा घातला. दुसरा जॅक हंटर, शेफील्डकडचा, इंग्लंडतर्फें खेळलेला. तो खेळाडू आणि वस्ताद अशा दोन्ही नात्यांनीं आला. नांवाला तो गुत्ता चालवी. एवढा कसलेला गडी केवळ ब्लॅकबर्नची हवा खाण्यास आला नसेल, हें कोणीही ओळखील, व तसें म्हणण्यांत आम्हांला त्याची निंदा वाटत नाहीं. आमच्याकडे तालमीचा वस्ताद कोणी फुकट ठेवतो काय? त्याचा खुराक गांव देतें, आणि तो गांवाचा मान समजतें.

१८८२-८३ च्या हंगामांत ऑलिंपिकनें अॅक्रिंग्टनवर सहा, लोअर डार्वेनवर आठ, डार्वेन रँबलर्सवर आठ गोल चढविले. चर्च व वेल्समधील ड्रुइड्स ह्यांना मागें टाकलें. उपान्त्य सामन्यांत ओल्ड कार्थूशियन्स, म्हणजे चार्टरहाऊस शाळेचे माजी विद्यार्थी, समोर आले. ह्यांनीं दोनच वर्षांपूर्वीं कप जिंकलेला. ऑलिंपिकनें त्यांना चार-शून्य असें धुतलें.

त्यानंतर हंटरनें जें केलें, त्यानें लंडनच्या भुवया वर चढल्या. अखेरच्या सामन्यापूर्वीं त्यानें सबंध संघ कांहीं दिवस ब्लॅकपूलच्या समुद्रकांठीं नेऊन ठेवला. तेथल्या खुराकाची हकीकत छापलेली आहे: पहांटे पोर्ट दारूचा पेला व दोन कच्चीं अंडीं, मग वाळूवरून फेरफटका, न्याहारीस जवाची लापशी व मासे, दुपारीं मेंढ्याची तंगडी, संध्याकाळीं पुन्हां लापशी व दूध, आणि रात्रीं सहा-सहा कालवें. आमच्या कोल्हापूर-सांगलीच्या पैलवानांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. ते बदाम घोटतात, हे कालवें खात. मेहनतीच्या अंगाला खुराक लागतो हें दोघांनाही ठाऊक. पण लंडनच्या मंडळींना हें अनुचित दिसलें. गिरणींत काम करणारी पोरें आठवडाभर समुद्रावर राहतात, तीं खातात कोणाचें? त्यांचा रोज कोण भरतो? ही तयारी म्हणजे हौस नव्हे, हा धंदा झाला, अशी कुजबुज सुरू झाली.

हा आक्षेप खरा धरला, तरी ईटनवाल्यांच्या तयारीचा खर्च कोणी मोजला? बारा-तेरा वर्षांच्या वयापासून शाळेच्या हिरवळीवर रोज खेळ, पोटभर मांस, पुढें केंब्रिज-ऑक्सफर्ड येथें पुन्हां खेळ, आणि त्यानंतर पेढीवर वा जमिनीच्या खंडावर बसून हवी तेव्हां मोकळीक. दहा-दहा वर्षांचें ब्लॅकपूल तें! फरक इतकाच, कीं त्यांच्या खुराकाची पावती त्यांच्या कुळांच्या नांवें फाटत होती, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर आली नाहीं.

३१ मार्च १८८३ रोजीं लंडनांत केनिंग्टन ओव्हल मैदानावर सामना झाला. प्रेक्षक सुमारें आठ हजार. ईटनच्या बाजूस किनेर्ड. त्यांचा हा कपाचा नववा अखेरचा सामना. ऑलिंपिकच्या बाजूस कोण होते तें आम्ही मुद्दाम धंद्यासह देतों. हॅकिंग, दांतांच्या वैद्याचा हाताखालचा. वॉर्ड, कापसाच्या यंत्रावरचा. वॉरबर्टन, संघाचा नायक, नळाचें काम करणारा. गिब्सन, ओतशाळेंतला. अॅस्टली, ड्युहर्स्ट व येट्स हे तिघे विणकर. हा येट्स निराळा, ओतशाळेचा मालक नव्हे. हंटर, गुत्तेवाला. मॅथ्यूज, तसबिरींच्या चौकटी करणारा. विल्सन, कारकून. आणि कॉस्टली, सूत काढणारा. अठरापगड म्हणतात ती हीच मंडळी. ह्यांतला एक कारकून सोडला, तर हेन्लेच्या नावेंत पाय ठेवण्याची लायकी बहुतेक कोणाचीच नव्हती.

खेळण्याची रीतही दोघांची निराळी होती. ईटनच्या मंडळींना एकट्यानें चेंडू पायाशीं घेऊन गड्यांना चुकवीत जाण्यांत मौज वाटे. ज्याच्याकडे चेंडू तोच राजा. ऑलिंपिकवाले मैदानाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेस लांब टोला देऊन चेंडू सोबत्याकडे पोंचवीत. दहा माणसें एका मागावर उभीं असल्यासारखा त्यांचा खेळ. मागावरच्या माणसांना हें सुचलें ह्यांत आम्हांला आश्चर्य वाटत नाहीं. एकानें धोटा टाकला तो दुसऱ्या टोकाला झेलावाच लागतो.

पहिला गोल ईटनच्या गुडहार्टनें केला. हे गृहस्थ पुढें एडिंबरो विद्यापीठांत लॅटिनचे प्राध्यापक झाले. उत्तरार्धांत चौकटवाल्या मॅथ्यूजनें बरोबरी केली. ईटनचा आर्थर डन दुखापतीनें बाहेर गेला व त्यांचे दहाच गडी राहिले. ह्या वेळीं मात्र ईटनवाल्यांनीं जादा वेळ खेळण्यास नकार दिला नाहीं. दहाजण असतांही ते उभे राहिले, ह्याबद्दल आम्ही त्यांना मान देतों. त्या जादा वेळांत विणकर येट्सनें चेंडू आडवा टाकला आणि सूत काढणाऱ्या कॉस्टलीनें तो गोलांत मारला. दोन-एक. कप आगगाडींत बसून उत्तरेकडे गेला. ब्लॅकबर्नमध्यें बँड लागले, मिरवणूक निघाली. त्यानंतर सरदारी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याही संघानें तो कप पुन्हां जिंकलेला नाहीं.

येथें गोष्ट थांबवितां आली असती तर आमचें काम सोपें झालें असतें.

पण पुढचीं दोन वर्षें चौकशांचीं गेलीं. पैसे देतात म्हणून अॅक्रिंग्टनला १८८३ त काढण्यांत आलें. १८८४ च्या जानेवारींत प्रेस्टन नॉर्थ एंड ह्या संघाविरुद्ध लंडनच्या अप्टन पार्क क्लबानें तीच तक्रार केली. प्रेस्टनचा चालक विल्यम सडेल हा गिरणीचा व्यवस्थापक. त्यानें लपवालपवी न करतां, आम्ही खेळाडूंची सोय करतों व दुसरेही करतात, असें कबूल केलें, आणि प्रेस्टन बाद झालें. तेव्हां उत्तरेचे क्लब एकवटून म्हणाले, कीं असें असेल तर आम्ही आमची निराळी असोसिएशन काढतों. मग लंडनला जाग आली. असोसिएशनचे चिटणीस अल्कॉक हे स्वतः हॅरोचे, पण त्यांनींच धंदेवाईक खेळाडूंना उघड मान्यता द्यावी असा आग्रह धरला. चांगला माणूस कोणत्याही शाळेंत निपजतो, हें आम्ही कधीं नाकारलें नाहीं. २० जुलै १८८५ रोजीं मान्यता मिळाली. हातानें काम करणारा आतां पायानेंही भाकर मिळवूं शकला, व तेंही चोरून नव्हे.

आणि ह्याच मान्यतेनें ऑलिंपिकचा घात केला. उघड पगार द्यावयाचे म्हणजे उघड पैसा पाहिजे. मोठ्या गांवाच्या मोठ्या क्लबांपाशीं तो होता. रोव्हर्सनें १८८४, १८८५ व १८८६ असा तीन वर्षें लागोपाठ कप नेला. एका गांवांत दोन क्लब पोसले जाईनात. प्रेक्षक धाकट्या भावाकडून थोरल्याकडे गेले, चांगले गडीही गेले. १८८८ त बारा क्लबांची फुटबॉल लीग निघाली, तींत रोव्हर्स होता, ऑलिंपिक नव्हता. १८८९ च्या आरंभीं पगार देणें अशक्य होऊन क्लबानें पुन्हां हौशी होण्याचा ठराव केला. हौस अशीही माणसाच्या गळ्यांत येते. सप्टेंबरांत क्लबच बंद झाला. सगळें मिळून अकरा वर्षांचें आयुष्य.

आमचे उसासेवाले गृहस्थ येथें टाळी देतील: पाहा, पैशानें खाल्ला कीं नाहीं! होय, खाल्ला. सोवळें गेलें तेथें बाजार आला, आणि बाजारांत धाकट्या दुकानाचें जें होतें तें झालें. हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं, व त्याचें वाईटही वाटून घेतों. पण ऑलिंपिकच्या कॉस्टलीला १८८५ नंतर रोव्हर्स, प्रेस्टन असल्या क्लबांचें दार तरी ठोठावतां आलें असतें. जुन्या शास्त्रांत त्याच्यासाठीं दारच नव्हतें. हौस टिकवावयाची होती तर सूत काढणाऱ्याला खेळतां येईल इतकी मजुरी व मोकळीक द्यावयाची होती, मग तो हौशी राहिला असता. तो उपाय कोणाही सभ्य गृहस्थाला सुचला नाहीं. त्यांना सुचलें तें निराळें. १८९३-९४ त त्यांनीं केवळ हौशी संघांसाठीं वेगळा कप काढला, व तो पहिल्या वर्षीं ओल्ड कार्थूशियन्सनींच जिंकला. दुसऱ्या वर्षीं मिडल्सब्रोचा संघ आला आणि तोही कप उत्तरेकडे घेऊन गेला! मग १९०२ त आणखी एक कप निघाला, त्यांत फक्त सरदारी शाळांचे माजी विद्यार्थीच खेळूं शकत. त्याला नांव दिलें आर्थर डनचें. ओव्हलवर जायबंदी झाला होता तोच हा डन. प्रत्येक खेपेस पंगत थोडी पुढें सरकवून बसावयाचें, हीही रीत आमच्या ओळखीचीच. इंग्लंडच्या फुटबॉलमधून हौशी व धंदेवाईक हा भेद कागदावरून पुसला गेला तो १९७४ त.

आतां आमच्याकडचें सांगून पुरे करतों. ब्लॅकबर्नचीं पोरें शनिवारच्या दुपारीं खेळत होतीं, तेव्हां मुंबईच्या गिरणींतला माणूस दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उभा होता, आणि त्याला आठवड्याची एकही सुटी बांधलेली नव्हती. १८८१ चा कारखाना कायदा झाला, त्यानें लहान मुलांपुरतें कांहीं केलें, मोठ्यांना कांहींच नाहीं. ह्या कायद्यासाठीं मँचेस्टरचे गिरणीमालक फार कळवळत होते. मुंबईचा माल स्वस्त पडूं नये हा त्या कळवळ्याचा उगम. १८८४ च्या सप्टेंबरांत, म्हणजे प्रेस्टनची चौकशी झाली त्याच वर्षीं, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं परळला कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपांच हजार कामगारांनीं सह्या केल्या. खेळाचें त्यांत नांव नव्हतें. जेवावयास अर्धा तास मागणाऱ्यानें खेळाचें नांव काय घ्यावें? २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन कामगार बायांनीं उभें राहून भाषणें केलीं. १० जूनला मालकांनीं रविवार मान्य केला. ब्लॅकबर्न ऑलिंपिक बंद पडून तेव्हां नऊ महिने झाले होते.

पुढच्याच वर्षीं, १८९१ त, मुंबईंत फुटबॉलचा रोव्हर्स कप सुरू झाला. पहिल्या वर्षीं तो वूस्टर रेजिमेंटच्या गोऱ्यांनीं नेला, व त्यानंतर वर्षानुवर्षें एकीमागून एक पलटणीच तो नेत राहिल्या. बंगलोर मुस्लिम्स हा पहिला हिंदी संघ तो कप घेऊन गेला, तेव्हां साल होतें १९३७.